निवृत्तीनंतर पालक-मार्गदर्शन: शिक्षक आणि क्रीडा प्रशिक्षकांसाठी पहिल्या वर्षाचा आराखडा

अनुदानित शाळेतला शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो, पण पालकांच्या लेखी तो कधीच निवृत्त होत नाही. मंडईत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी गाठतंच. "सर, आमचा आठवीतला अजिबात ऐकत नाही हो. तुम्हीच जरा दम द्या ना त्याला." सर दोन शब्द सांगतात, पालक मान डोलावतात आणि घरी गेल्यावर ये रे माझ्या मागल्या.

या फुकटच्या सल्ल्याचा रीतसर व्यवसाय होऊ शकतो. त्याला दुकानाचा गाळा लागत नाही, माल भरावा लागत नाही आणि पेन्शनवर घर चालत असेल तर पहिलं वर्ष घाई न करता काढता येतं. हा लेख आहे तो वर्गही घेतलेल्या आणि मैदानही सांभाळलेल्या शिक्षकांसाठी: दुपारी गणित किंवा मराठी शिकवून संध्याकाळी खो-खो, कबड्डी नाहीतर क्रिकेटचा संघ घडवणाऱ्यांसाठी. वर्गातल्या नोकरीमुळे पालक तुमच्याकडे येतील, पण टिकतील ते मैदानावरच्या तुमच्या सवयींमुळे, असं माझं मत आहे. वर्गात आपण सांगत सुटतो. मैदानावर आधी बघतो, मग एकच दुरुस्ती सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ती जमली का ते पुन्हा बघतो. पालकांबरोबर काम करायचं ते या दुसऱ्या पद्धतीनं.

सेवेत असताना सुरू करू नका

शिक्षण हक्क कायदा २००९चं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करायला मनाई करतं. पालकांचं मार्गदर्शन म्हणजे शिकवणी नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, पण निवृत्तीच्या तोंडावर संस्थेशी वाद कशाला? शेवटचं वर्ष तयारीला वापरा. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची कागदपत्रं मार्गी लागली, की पाटी लावा.

गिऱ्हाईक पालक आहे, मूल नाही

पहिल्या दिवसापासून हे पक्कं ठरवून ठेवा, कारण येणारा जवळजवळ प्रत्येक पालक मुलालाच तुमच्यापुढे उभं करू पाहणार. "त्याला घेऊन येते, तुम्ही बोला." अशा वेळी नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं: "पहिल्या दोन भेटींना तुम्हीच या. त्याला नंतर गरज वाटली तर बघू."

मुलाशी तुम्ही आठवड्यातून एकदा पाऊण तास बोलाल. आई, बाबा, आजी-आजोबा त्याच्याशी रोज पाच-सहा तास वागतात. त्या तासांत काही बदललं तरच मुलात फरक दिसेल. शिवाय मूल एकदा तुमच्याकडे येऊ लागलं, की पालकांच्या मनात ती शिकवणीच होते. फी भरली, आता सर बघून घेतील! मग घरात कुणीच काही बदलत नाही आणि तीन महिन्यांनी नाव मात्र तुमचं खराब होतं.

दुसरी गुंतागुंत खास आपल्याकडची आहे. तुमचे बरेचसे पहिले पालक हे तुमचेच माजी विद्यार्थी असणार. त्यांचा तुमच्यावर विश्वास असतो, हा मोठा फायदा. तोटा असा, की सरांसमोर ते मोकळं बोलत नाहीत. आपण मुलाला बेल्टनं मारलं, हे ज्या सरांनी आपल्याला वाढवलं त्यांना कोण सांगणार? म्हणून टेबलाच्या पलीकडे बसू नका, शेजारी किंवा काटकोनात बसा. माजी विद्यार्थ्याला "अरे" म्हणायची सवय राहिली तरी चालेल, पण त्याच्या बायकोला "अहो, तुम्ही" म्हणा आणि पहिला प्रश्न तिला विचारा. तिच्या लेखी तुम्ही कुणाचेही सर नसता. त्यामुळे खरी हकीकत बहुधा तिच्याकडूनच कळते.

कुठे थांबायचं ते आधी लिहून काढा

पालक-मार्गदर्शक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे आणि समुपदेशकही नव्हे. वर्गात शेकडो मुलं पाहिल्यामुळे "याला डिस्लेक्सिया असेल", "ही एडीएचडीची केस आहे" असं पटकन तोंडून निघतं. ते बोलायचं नाही. निदान करणं तुमचं काम नाही. तुम्ही म्हणायचं ते एवढंच: "वाचताना तो ओळी गाळतो असं तुम्ही सांगताय. हे तज्ज्ञांना दाखवा, मी नाव देतो." चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सुचवायचा असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे ना, ते आधी पाहा. आपल्या शहरातले एक बालरोगतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि कौटुंबिक वादांसाठी एक वकील यांना स्वतः जाऊन भेटा. "मी असं काम सुरू करतोय, गरज पडली तर पालकांना तुमच्याकडे पाठवेन," इतकं बोलणं पुरतं. पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नका. गावात ते लपत नाही.

मूल जीव देण्याच्या गोष्टी बोलतंय, स्वतःला इजा करून घेतंय, आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नाही, असं कानावर आलं तर त्या दिवशी नेहमीची भेट बाजूला ठेवायची आणि पालकांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. तो क्रमांक तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. त्याच्या खाली १०९८ लिहा, चाइल्ड हेल्पलाइनचा.

कायद्याची एक बाब मात्र काटेकोरपणे माहीत हवी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं समजलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. "घरातली गोष्ट आहे सर, बाहेर नको" असं पालक म्हणाले, तरी तुम्हाला गप्प बसता येत नाही. म्हणूनच पहिल्या भेटीच्या आधी सही घ्यायच्या कागदावर हे वाक्य हवं: तुम्ही सांगितलेलं गुप्त राहील, पण मुलाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर मला कळवावं लागेल.

कोणते पालक, ते ठरवा

"सर्व वयोगटांतील मुलांच्या पालकांसाठी" अशी पाटी कुणालाच आपली वाटत नाही. तुमची नोकरी कुठल्या इयत्तांत गेली ते पाहा आणि तेवढ्यातच राहा. माध्यमिक शिक्षकानं दोन वर्षांच्या बाळाच्या झोपेवर बोलू नये.

सातवी ते दहावी हा पट्टा मागणीचा आहे. मोबाइल, अभ्यासाची टाळाटाळ, मित्र, क्लासचा ताण, दहावीची धास्ती आणि निकालानंतर अकरावीचे पसंतीक्रम. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६पासून राज्यभर लागू झाली. तेव्हापासून आधी शेजारच्या कॉलेजात जाऊन अर्ज देणारे तालुक्याचे पालकही भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम या शब्दांशी झगडू लागले. फॉर्म भरून देणारे सायबर कॅफे गल्लोगल्ली आहेत. पण मुलीला कला शाखा हवीय, वडिलांना विज्ञान, ही बोलणी कॅफेवाला करून देत नाही.

दुसरा पट्टा खेळाडू मुलांच्या पालकांचा. तुम्ही प्रशिक्षक असाल तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण इथे स्पर्धा जवळजवळ नाही आणि हे पालक कसे वागतात ते तुम्ही रिंगणाच्या कडेनं वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. १४ वर्षांखालचा खो-खोचा सामना आठवा. चौकोनात बसलेला पोरगा धावणाऱ्याकडे बघायचं सोडून दोरीबाहेरच्या बापाकडे बघतोय आणि बाप ओरडतोय, "ऊठ! ऊठ!" खो मिळायच्या आत उठला की फाऊल, हे बापाला ठाऊक नाही. पोराला ठाऊक आहे. पण बापाचा आवाज मोठा. पोरगा अर्धवट उठतो, पंच शिट्टी वाजवतो आणि घरी जाताना स्कूटरवर मागे बसून त्याच फाऊलबद्दल तो बोलणी खातो.

या बापाला काय सांगायचं, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? सामन्यात सूचना एकाच माणसाच्या, प्रशिक्षकाच्या. पालकानं फक्त टाळ्या वाजवायच्या. परतीच्या वाटेवर खेळाचा विषय मुलानं काढला तरच बोलायचं. याखेरीज सराव आणि क्लास यांची वेळ जुळवणं, जिल्हा-विभाग स्पर्धांमुळे बुडलेल्या चाचण्या, बोर्डाचे क्रीडा सवलतीचे गुण, दुखापतीनंतरची सुट्टी, आणि "यात करिअर आहे का सर?" हा कायमचा प्रश्न. एवढ्यावर वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

शिकायचं काय

आपल्याकडे पालक-मार्गदर्शक म्हणून काम करायला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर करून "प्रमाणित" झालेले पुष्कळ दिसतात. तुम्हाला प्रमाणपत्र हवंच असेल तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची पहिली पायरी असते, तिला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. खर्च बऱ्यापैकी येतो. पहिल्या वर्षी तो करू नये असं मला वाटतं. सहा महिने काम करून आवडतंय का बघा, मग ठरवा.

गंमत म्हणजे कंपन्यांमध्ये आज 'कोचिंग' म्हणून जे चालतं त्याचं एक मूळ मैदानातच आहे. टिमोथी गॅलवे हे अमेरिकेत टेनिस शिकवायचे. खेळाडूला सूचनांवर सूचना दिल्या की त्याचा फटका बिघडतो, आणि चेंडू नेमका कुठे उसळतोय एवढंच बघायला सांगितलं की सुधारतो, हे १९७०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं. ते ब्रिटनमध्ये रुजवणारे जॉन व्हिटमोर हे मोटार शर्यतीतले माजी चालक. त्यांच्यामुळे लोकप्रिय झालेल्या चौकटीत चार प्रश्न येतात: तुम्हाला काय हवंय, आत्ता काय घडतंय, काय काय करता येईल, आणि त्यातलं तुम्ही नक्की काय करणार. सुरुवातीला एवढी चौकट पुरेशी आहे.

अवघड आहे ती गप्प बसायची सवय. शिक्षकाला प्रश्नानंतरची शांतता सोसत नाही, तीन सेकंदांत तो स्वतःच उत्तर देतो. तेव्हा ओळखीच्या चार-पाच पालकांना विनामूल्य भेटी द्या, त्यांच्या परवानगीनं मोबाइलवर आवाज नोंदवा आणि रात्री ऐका. पाऊण तासात तुम्ही किती मिनिटं बोललात ते मोजा. निम्म्याहून जास्त असेल तर अजून फी घ्यायची वेळ आलेली नाही. काम झालं की ध्वनिमुद्रण पुसून टाका, आणि पुसल्याचं त्यांना सांगा.

प्रत्यक्ष भेट

एक नमुना देतो. नववीतल्या मुलाची आई आलीय, तक्रार मोबाइलची. शिक्षक असता तर पाच मिनिटांत वेळापत्रक आखून दिलं असतं. प्रशिक्षक कालचा दिवस मागतो.

"काल संध्याकाळचं सांगा. तुम्ही किती वाजता घरी आलात?"

"साडेसात. तो सोफ्यावर, हातात मोबाइल. मी म्हटलं, झालं का पुन्हा सुरू? तो उठला, खोलीत गेला, धाडकन दार लावलं. मग हे आले, ते ओरडले."

"घरात पाऊल टाकल्यावर तुमचं पहिलं वाक्य कोणतं होतं?"

"तेच. झालं का पुन्हा सुरू."

"आणि परवा?"

इथे थांबायचं. आई जरा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणते, "रोज तेच म्हणते मी बहुतेक."

हेच तुम्ही सांगायला गेला असता तर तुम्हाला दहा वाक्यं लागली असती, आणि तिला ती टीका वाटली असती. आता विचारा, "यात काय वेगळं करून बघता येईल?" बहुतेक पालक स्वतःच काहीतरी सुचवतात. नाहीच सुचलं तर तुम्ही एक गोष्ट पुढे करा, एकच. उदाहरणार्थ, आठवडाभर घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यास आणि मोबाइल हे दोन विषय काढायचे नाहीत. "आणि मोबाइलचं काय?" असं ती विचारणारच. "ते पुढच्या वेळी. आधी हे जमतंय का बघू." फलंदाजाचा पाय, खांदा आणि बॅटची पकड एकाच दिवशी दुरुस्त करायला जाणारा प्रशिक्षक काय करून ठेवतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या भेटीत आई सांगेल, चार दिवस जमलं, तीन दिवस नाही. न जमलेल्या दिवसांबद्दल ओशाळवाणं वाटू देऊ नका. ते दिवसच कामाचे असतात. त्या दिवशी ऑफिसातून उशीर झाला होता का? सासूबाईंनी दारातच तक्रार सांगितली का? इथे आपल्या घरांचा एक नकाशा समोर येतो, जो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. दुपारी चार ते रात्री आठ मूल कुणाच्या ताब्यात असतं? आजी-आजोबांच्या असेल तर आईबाबांनी ठरवलेला कुठलाही नियम त्यांना विचारल्याशिवाय टिकत नाही. आजोबांना एखाद्या भेटीला बोलवा. तुमच्या वयाचे असतील तर तुमचं ऐकतीलही, आणि तुम्हाला मोकळेपणानं दोन गोष्टी सुनावतीलही.

वेळ ५० मिनिटांची ठेवा. शेवटची दहा मिनिटं ठरलेली गोष्ट पालकांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगायला आणि लिहायला. भेट झाल्यावर तुमच्या वहीत चार ओळी: तारीख, तक्रार त्यांच्याच शब्दांत, ठरलेली एक गोष्ट, पुढच्या वेळी पहिल्यांदा काय विचारायचं. "श्यामची आई चिडखोर आहे" असली शेरेबाजी नको. प्रगतिपुस्तकातले शेरे लिहून हात सैल झालेले असतात, म्हणून सांगतोय.

आई आणि बाबा यांच्यातच वाद असेल तर? दोघं एकमेकांची तक्रार तुमच्यापुढे मांडू लागले, की तुम्हाला न्यायाधीश करून टाकतात. "तुमच्या दोघांमधलं मी सोडवू शकत नाही. मुलासमोर दोघांनी एकच काय बोलायचं, तेवढं ठरवू," या वाक्यापलीकडे जाऊ नका.

फी मागायची कशी

सगळ्यात जास्त शिक्षक इथे अडखळतात. गुरुजींनी सल्ल्याचे पैसे मागायचे? मागायचे, कारण फी न देणारा पालक गृहपाठ करत नाही आणि ऐनवेळी भेट रद्द करतो.

सुट्या भेटी विकू नका. सहा आठवड्यांत चार भेटी आणि मधे एक फोन, असा एक संच ठरवा. तालुक्याच्या गावी भेटीमागे ५०० ते ७००, पुणे-ठाणे-नाशिकसारख्या शहरात १,००० ते १,५०० रुपये हा सुरुवातीचा आकडा मला रास्त वाटतो. निम्मी रक्कम आधी, उरलेली तिसऱ्या भेटीला. यूपीआयचा क्यूआर कोड छापून ठेवा, म्हणजे तोंडानं मागायचा संकोच निम्मा कमी होतो.

हिशेब सरळ करू. आठवड्याला आठ भेटी, प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण २२,४०० रुपये. सुट्ट्या, सणवार आणि परीक्षांचे दिवस वगळून वर्षातले आठ महिनेच धरले तर १,७९,२०० रुपये. हा भरल्या वर्षाचा आकडा आहे. पहिल्या वर्षी याच्या निम्म्यावर समाधान मानायची तयारी हवी.

रस्त्यात गाठणाऱ्यांचं काय करायचं? त्यांना तोडू नका, वेळ द्या. "हे असं उभ्या उभ्या नको. बुधवारी साडेपाचला या, निवांत बोलू. चार भेटींचे अठ्ठावीसशे घेतो मी आता." हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, खरंच. पहिल्यांदा घशात अडकतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महिन्याच्या दोन जागा विनामूल्य राखून ठेवा, पण त्या तुम्ही ठरवून द्यायच्या. भिडेखातर दिलेली सूट दुसऱ्याच दिवशी सगळ्या सोसायटीला कळते.

कागदपत्रं

स्वतःच्या नावानं, एकट्याचा व्यवसाय म्हणून सुरुवात करा. कंपनी, एलएलपी वगैरे भानगडीत पडू नका. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन आणि पूर्ण मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात, तेव्हा पत्ता नीट बघून घ्या. घरातच बसणार असाल आणि हाताखाली माणूस नसेल तर गुमास्ता परवान्याच्या, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीच्या नावाखाली फार काही लागत नाही. कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. सोसायटीत राहत असाल तर सचिवांच्या कानावर घाला, कारण जिन्यात चपला वाढल्या की पत्र येतंच. बँकेत वेगळं बचत खातं काढा आणि पेन्शनच्या खात्यात ही फी मिसळू नका.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. राज्याच्या व्यवसाय कराची कमाल रक्कम वर्षाला २,५०० रुपये आहे आणि ६५ वर्षांपुढच्यांना त्यातून सूट आहे. तुम्हाला तो लागू होतो का, ते सीएंना विचारा.

आयकरात निवृत्तांचा पाय हमखास घसरतो तो आगाऊ करात. साठ वर्षांवरच्या व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही सवलत व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच आहे. फी घ्यायला लागलात आणि वर्षाचा देय कर १०,००० रुपयांवर गेला, की आगाऊ कर भरावा लागतो, नाहीतर व्याज. तसंच 'सहज' हा सोपा विवरणपत्राचा फॉर्म व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना चालत नाही. सीएंना वर्षाअखेरी नव्हे, वर्षाच्या सुरुवातीला भेटा.

पालक कुठून येतील

जाहिरातीवर पैसे घालवण्याआधी शाळांचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये सगळे उत्साहात असतात, मार्गदर्शन कुणालाच नको असतं. पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी आले की फोन वाजू लागतात. सहामाहीचा निकाल दिवाळीच्या आगेमागे लागतो आणि नोव्हेंबर हा तुमचा सुगीचा महिना ठरतो. जानेवारीत दहावीचे पालक घाबरून येतात, पण तेव्हा दोन भेटींपेक्षा जास्त काही करता येत नाही, ते प्रामाणिकपणे सांगा. मे-जून निकाल आणि प्रवेशांचा.

शाळेत शिरायचा सरळ रस्ता पालक-शिक्षक संघ. तो प्रत्येक शाळेत असावाच लागतो, आणि वर्षाच्या पालकसभेला वक्ता शोधताना मुख्याध्यापकांची दमछाक होते. एका तासाचं विनामूल्य व्याख्यान द्या, पण व्याख्यान देऊ नका! म्हणजे वीस मिनिटं बोला आणि चाळीस मिनिटं चिठ्ठ्यांवरचे निनावी प्रश्न घ्या. नाव लिहायचं नसलं की पालक खरं लिहितात. शेवटी "माझ्याकडे या" असं न म्हणता टेबलावर कार्डं ठेवा. तुम्ही ज्या शाळेतून निवृत्त झालात तिथलं व्याख्यान मात्र पहिल्या वर्षी टाळलेलं बरं. तिथल्या सहकाऱ्यांविरुद्ध तक्रारी घेऊन पालक येतील आणि तुमची पंचाईत होईल.

क्रीडा संकुलं, अकादम्या, तालमी हा दुसरा रस्ता. तिथल्या तरुण प्रशिक्षकाला पालकांचा जाच होतच असतो. "मोसम सुरू होण्याआधी पालकांची एक बैठक मी घेतो," म्हटलंत तर तो चहा पाजेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सुविचार पाठवणाऱ्यांत भर टाकू नका. प्रसारण यादी करा, आठवड्याला एकच संदेश, दीड-दोन मिनिटांचा तुमच्या आवाजातला, एका नेमक्या प्रसंगावर: पेपर पुन्हा तपासायला द्यावा का, मुलानं खेळ सोडतो म्हटलं तर. कुठल्याही खऱ्या घरातली गोष्ट नाव बदलूनही सांगू नका. लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. पालकांचा गट मात्र करू नका. तिथे दोन दिवसांत क्लासवाल्यांच्या जाहिराती आणि तिसऱ्या दिवशी भांडण येतं.

दुबई, न्यू जर्सी, लंडनच्या मराठी पालकांकडूनही विचारणा होते. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथले पालक घरातल्या मराठीपासून आजीच्या अपेक्षांपर्यंत सगळं विचारतात. पण न्यू जर्सी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. म्हणजे त्यांची रात्र साडेआठची असेल तर आपल्याकडे सकाळचे सहा-सात. पहाटेच्या सरावाची सवय असलेल्यांना जमेल. तिथल्या शाळांचे नियम आणि मुलांना हात लावण्याबद्दलचे कायदे वेगळे आहेत, त्यावर मत देऊ नका.

माहिती जपणं

मुलांचं नाव, वैद्यकीय कागद, घरातल्या भांडणांच्या नोंदी हे सगळं तुमच्या कपाटात जमणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांची संमती महत्त्वाची आहे. व्यवहारात एवढं करा: लागेल तेवढंच लिहा, वही कुलुपात ठेवा, मोबाइलवर पाठवलेली प्रगतिपुस्तकं काम झाल्यावर पुसा आणि संच संपल्यावर किती महिन्यांनी वही फाडणार ते आधीच सांगून ठेवा. "काय म्हणत होती ती?" असं घरी जेवताना विचारलं जाईल, तेव्हा विषय बदलायचा.

संच संपवणं

चौथ्या भेटीच्या आधी दोन ओळींचा कागद पालकांकडून मागवा: सहा आठवड्यांपूर्वी काय होतं, आता काय आहे. फरक पडला असेल तर तिथेच थांबा, पालक "चालू ठेवू ना सर" म्हणाले तरी. दोन महिन्यांनी एक फोन पुरे. फरक पडला नसेल तर दुसरा संच विकू नका. आधी विचारा, ठरलेली गोष्ट घरात खरंच किती दिवस झाली. झालीच नसेल तर ती का झाली नाही यावर एक जादा भेट द्या, हवी तर विनामूल्य. झाली असूनही मूल तसंच असेल, तर प्रश्न तुमच्या आवाक्यातला नसण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी तुम्ही आधी भेटून ठेवलेल्या तज्ज्ञांपैकी योग्य त्याचा क्रमांक पालकांना लिहून द्या आणि भेटीची वेळ तिथे बसल्या बसल्या त्यांच्याच फोनवरून घ्यायला लावा. घरी जाऊन घेतो म्हणणारे बहुतेक घेत नाहीत.